वरचें तळें आणि खालचें गांव

मासे पळून जाऊं नयेत म्हणून पाण्याच्या वाटेवर जाळी लावणें हा कांहीं अपराध नव्हे. आपल्या मालकीच्या बांधावर दोन घोडागाड्या समोरासमोर आल्या असतां अडूं नयेत म्हणून बांधाचा माथा दोनतीन फूट उतरवून रुंद करणें हाहि नव्हे. आणि निकामी झालेल्या नळांचें लोखंड विकून चार पैसे उभे करणें हें तर व्यवहारचातुर्यच समजलें जातें. या तीन गोष्टी करणारांपैकीं एकाच्याहि मनांत कोणाचें वाईट करावें असा विचार आला नव्हता. तरीहि ३१ मे १८८९ रोजीं या तीन निरुपद्रवी गोष्टी एके ठिकाणीं येऊन मिळाल्या, आणि एका दुपारींत दोन हजार दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. हेतु निर्मळ असतां घडलेल्या अशा अनर्थाला पाप म्हणावें कीं दैव म्हणावें? कर्त्याच्या बुद्धीवरून कर्माची किंमत करावी असें सांगणारा कांट आणि परिणामावरून ती करावी असें सांगणारा मिल, या दोघांचीं मतें आपल्या सुशिक्षित घरांतून पुष्कळ चर्चिलीं गेलीं आहेत. पण अमेरिकेंतील जॉन्सटाउन गांवाची कथा वाचतांना या दोन्ही मापांनीं माझें समाधान झालें नाहीं. तें कां झालें नाहीं हें सांगावयाचें तर आधीं ती कथाच थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे.

पेनसिल्व्हेनिया प्रांतांत ॲलेघेनी नांवाची डोंगरांची रांग आहे. तेथें साउथ फोर्क नांवाच्या ओढ्यावर प्रांतसरकारनें १८३८ सालीं मातीचें धरण बांधावयास घेतलें. काम मधून मधून रखडत राहिलें आणि तें पुरें होण्यास १८५३ साल उजाडलें. हेतु सर्वस्वीं सार्वजनिक होता. खालीं जॉन्सटाउनपासून पश्चिमेकडे जो कालवा जात होता त्यांतील मालाच्या होड्या उन्हाळ्यांत कोरड्या पडूं नयेत म्हणून हें पाणी सांठवावयाचें होतें. पण धरण उभें राहीपर्यंत आगगाडी आली आणि कालव्याला कोणी विचारीनासें झालें. जन्मतांच निरुपयोगी ठरलेलें हें धरण १८५७ सालीं आगगाडीच्या कंपनीकडे गेलें. तिला त्याची गरज नव्हती, म्हणून त्याची काळजीहि नव्हती. १८६२ सालीं तें एकदां फुटलें. तळें तेव्हां अर्धवटच भरलेलें असल्यामुळें खालीं फारसें कांहीं बिघडलें नाहीं, आणि बिघडलें नाहीं म्हणून त्या फुटण्याचा कोणी फारसा विचारहि केला नाहीं. लहान संकटें माणसाला सावध करितात असें आपण मुलांना सांगतों. माझा अनुभव असा आहे कीं तीं पुष्कळदां त्याला निर्धास्तच करितात.

१८७५ सालीं धरण एका खासगी गृहस्थानें विकत घेतलें. धरणाच्या तळाशीं दोन दोन फूट रुंदीचे पांच ओतीव लोखंडी नळ होते. तळें भरूं लागलें कीं त्यांतून पाणी सोडून पातळी खालीं आणतां येत असे. त्यानें ते काढून मोडींत विकले असें सांगतात. कसेंहि असो, पुढील मालकाच्या हातीं धरण आलें तेव्हां त्याला मोरी राहिली नव्हती. हा पुढचा मालक बेंजामिन रफ. त्यानें १८७९ सालीं तें विकत घेऊन 'साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब' स्थापन केला. पिट्सबर्गचे साठाएक धनिक त्याचे सभासद झाले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन हीं नांवें त्यांत होतीं. पिट्सबर्गच्या कारखान्यांच्या धुरांतून सुटून उन्हाळ्याचे चार आठवडे डोंगरांतल्या स्वच्छ हवेंत घालवावे, मासे धरावे, शिडाच्या होड्या हांकाव्या, यापलीकडे त्यांची अपेक्षा नव्हती. पडलेलें खिंडार भरून काढण्यांत आलें, पण मोरी पुन्हां बसविली नाहीं. तें काम पाहणारा जाणकार इंजिनियरहि नव्हता. भराव्यांत दगडमातीबरोबर झुडपें, गवत आणि तबेल्यांतलें खत जें सांपडलें तें गेलें. गाड्यांसाठीं माथा उतरविण्यांत आला. त्याचा मध्यभाग किंचित् खचलेला होता, आणि मातीच्या धरणाचा जो भाग सर्वांत उंच असावयास हवा तोच सर्वांत सखल झाला. पुराचें पाणी बाजूनें निघून जावें म्हणून जो सांडवा होता त्याच्यावर लहानसा पूल आला, आणि त्याच्या खांबांमध्यें विकत आणून सोडलेले मासे जाऊं नयेत म्हणून लोखंडी जाळ्या लागल्या.

अशा रीतीनें दोन मैल लांबीचें, बहात्तर फूट उंचीच्या बांधानें तोललेलें तें तळें तयार झालें. त्याच्या कांठीं सुंदर बंगले उठले. त्याच्या खालीं, नदीच्या वळणावळणानें चौदा मैलांवर आणि साडेचारशें फूट खोलांत, जॉन्सटाउन होतें. लोखंडाच्या गिरण्या, वेल्श आणि जर्मन कामकऱ्यांचीं घरें, शाळा, प्रार्थनामंदिरें, आणि आसपासच्या वाड्यांसह सुमारें तीस हजारांची वस्ती.

येथें एका गृहस्थाची आठवण केली पाहिजे. जॉन्सटाउनच्या मोठ्या लोखंडी कारखान्याचा मुख्य डॅनियल मॉरेल याला वरच्या तळ्याची चिंता वाटली. १८८० सालीं त्यानें जॉन फुल्टन या आपल्या माणसाला धरण पाहावयास पाठविलें. फुल्टन या विषयांतला जाणता होता. त्याला मुख्यतः दोन उणिवा आढळल्या : धरणांतून पाझर होता, आणि दुरुस्तीसाठीं पाणी उतरवावयाचें म्हटलें तर उतरविण्यास वाटच नव्हती. मॉरेलनें हें क्लबाला कळविलें. रफ यानें उत्तरीं फुल्टनच्या चुका काढून, तुम्हांला आमच्या उद्योगापासून मुळींच धोका नाहीं अशा अर्थाचें आश्वासन दिलें. मॉरेल तेवढ्यावर थांबला नाहीं. धरण नीट करणार असाल तर खर्चाचा वांटा आम्ही उचलतों असें त्यानें लिहून पाठविलें. तेंहि नाकारलें गेलें. पुढें मॉरेल स्वतःच क्लबाचा सभासद झाला. तळ्यावर नजर ठेवण्यासाठीं तो झाला असें मानणारे आहेत. मला तसें मानावयास आवडतें. १८८५ सालीं तो वारला. दोन वर्षांनीं रफहि गेला. धरण मात्र दोघांच्याहि मागें राहिलें.

या पत्रव्यवहारांत मला सर्व प्रकरणाचें मर्म दिसतें. रफ खोटें बोलत होता असें मला वाटत नाहीं. त्याला धोका दिसतच नव्हता, आणि न दिसण्याचें कारण डोळ्यांत नव्हतें, तो जेथें उभा होता त्या जागेंत होतें. वरून पाहणाराला तळें दिसतें : शांत, निळें, पहांटे धुकें अंगावर घेणारें. खालून पाहणाराला तळें मुळीं दिसतच नाहीं. त्याला दिसतो तो फक्त बांध, तोहि कोणी डोंगर चढून गेला तर. एकाच वस्तूच्या या दोन बाजू दोन निरनिराळ्या माणसांच्या वांट्याला आल्या कीं त्यांची भाषाच जुळत नाहीं. रफनें 'आमचा उद्योग' असा शब्द वापरला तेव्हां त्याच्या डोळ्यांसमोर मासे, होड्या आणि बंगले असतील. मॉरेलच्या डोळ्यांसमोर त्याच पाण्याचें वजन होतें, आणि तें वजन अदमासें दोन कोटि टन भरत होतें.

'योगक्षेम' हा शब्द आपण नित्य वापरतों, पण त्याची फोड क्वचितच आठवतों. नसलेलें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. मालकी म्हणजे या दोहोंची जोडी. क्लबाजवळ योग भरपूर होता. त्याच्या सभासदांनीं तर योगाची विद्या सर्व जगाला शिकविली. क्षेमाची भाषा मात्र त्यांना त्या डोंगरांत आठवली नाहीं, कारण ते तेथें सुटीवर आले होते. करमणुकीच्या वस्तूचा हाच विशेष आहे कीं तिच्यापाशीं आपण काळजी विसरावयास जातों. गिरणीचा बॉयलर गळूं लागला तर कार्नेगीसारखा मनुष्य रात्रभर झोपला नसता. तळें गळत होतें तर त्याला तें बहुधा कोणी सांगितलेंहि नसेल, आणि सांगावयाचें तरी कोणी? साठ जणांच्या मालकींत प्रत्येकाच्या वांट्याला सुख पुरें आलें आणि जबाबदारी साठांतली एकच आली. आपल्याकडे बारभाईच्या शेतीची म्हण आहे. ती पीक बुडाल्याबद्दल आहे. येथें बुडावयाचें होतें तें दुसऱ्यांचें होतें.

खालच्या लोकांनाहि सर्वस्वीं निर्दोष ठरवितां येत नाहीं. दर वसंतांत नदीला पूर येई आणि 'धरण फुटतेंय' अशी हूल उठे; धरण फुटत नसे आणि लोक हंसत. हळूहळू ती गांवांतली एक थट्टाच होऊन बसली. लांडगा आल्याची ओरड करणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सर्वांनीं शाळेंत वाचली आहे. पण त्या गोष्टींतला मुलगा खोटें बोलत होता. जॉन्सटाउनमध्यें कोणी खोटें बोलत नव्हतें. धरण प्रत्येक वर्षीं तितकेंच दुबळें होतें, फक्त पाऊस तितका पडत नव्हता. इशारा खोटा ठरला असें आपण म्हणतों तेव्हां बहुधा एवढेंच झालेलें असतें कीं या खेपेस आपण वांचलों. हा भेद मोठमोठ्या शहाण्यांनाहि कळत नाहीं, मग गिरणींत दिवसभर राबून आलेल्या माणसाला तो न कळला यांत नवल नाहीं.

३० मेच्या रात्रीं पाऊस लागला तो चोवीस तासांत सहा इंचांहून अधिक पडला. सकाळीं तळें भराभर चढूं लागलें. क्लबाचा त्या वेळचा प्रमुख इलायस उंगर तेथेंच होता. हा मनुष्य भ्याड नव्हता आणि निष्काळजीहि नव्हता. त्यानें मजूर जमवून माथ्यावर माती टाकविली, दुसऱ्या टोंकाला नवा सांडवा खणावयास लाविलें. जाळ्या आणि पूल काढून टाका असें त्याला कोणीं सुचविलें तेव्हां मात्र तो प्रथम कचरला असें सांगतात. मासे जातील हा विचार त्याच्या मनांत आला. थोड्या वेळानें त्यानें होकार दिला, तेव्हां फांद्या, ओंडके आणि पुरांतला सर्व गाळसाळ जाळ्यांत असा रुतून बसला होता कीं त्या निघेनात. क्लबाच्या कामावर असलेला जॉन पार्क नांवाचा तरुण इंजिनियर घोड्यावर बसून खालच्या साउथ फोर्क गांवीं गेला आणि तारा करावयास सांगून आला. कांहीं निरोप जॉन्सटाउनपर्यंत पोंचले. पण तेथें सकाळपासूनच रस्त्यांत कमरेइतकें पाणी होतें, लोक सामान माडीवर नेण्यांत गुंतले होते, आणि या मजकुराच्या तारा पूर्वीहि आल्या होत्या.

दुपारीं तीनच्या सुमारास पाणी माथ्याच्या खचलेल्या मध्यावरून वाहूं लागलें होतें, आणि लवकरच तो मध्यच गेला. सर्व तळें रिकामें होण्यास सुमारें तासाभराचा वेळ लागला. दरींतून झाडें, घरें, आगगाडीचीं एंजिनें आणि तारेच्या कारखान्यांतील कांटेरी तारांचीं वेटोळीं घेऊन तें पाणी चार वाजून सात मिनिटांनीं जॉन्सटाउनवर आलें. गांव वाहून जाण्यास कांहीं मिनिटें पुरलीं. खालच्या बाजूला आगगाडीचा दगडी पूल होता. त्याला सर्व मोडतोड अडकून राहिली, तींत माणसें जिवंत अडकलीं, आणि रात्रीं तिला आग लागली. नव्व्याण्णव कुटुंबें समूळ नाहींशीं झालीं. जीं प्रेतें कोणाचीं हें कळलेंच नाहीं त्यांची संख्या सातशें सत्त्याहत्तर होती.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों, कारण तें फार नवलाचें नाहीं. क्लबानें एक हजार कांबळीं पाठविलीं. सभासदांपैकीं कित्येकांनीं देणग्या दिल्या. कार्नेगीनें गांवाला नवें ग्रंथालय बांधून दिलें. आज त्याच इमारतींत पुराचें संग्रहालय आहे. नुकसानभरपाईचे दावे झाले ते टिकले नाहींत. हा ईश्वरी कोप होता असें ठरलें, आणि क्लबाच्या नांवावर म्हणण्यासारखी मालमत्ताहि नव्हती. कोणाहि सभासदाला न्यायालयाच्या हुकुमानें एक डॉलर द्यावा लागला नाहीं. आपल्या भाषेंत 'देणें' हा एकच शब्द दानालाहि लागतो आणि कर्जालाहि. क्लबाच्या सभासदांनीं पहिल्या अर्थानें दिलें; दुसऱ्या अर्थानें त्यांच्याकडे कोणाचें देणें निघतें हें त्यांनीं कधीं मान्य केलें नाहीं. ग्रंथालयाच्या पायरीवर उभें राहून कृतज्ञता वाटावी कीं संताप यावा, हें त्या गांवच्या माणसाला कसें ठरवितां आलें असेल याची मला कल्पना करवत नाहीं.

ईश्वरी कोपाची ही उपपत्ति इंजिनियरांच्या एका समितीनेंहि एका अर्थीं उचलून धरली. १८९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालांत असें म्हटलें होतें कीं मूळचें धरण जसेंच्या तसें असतें तरीहि त्या पावसांत तें गेलेंच असतें. हें मत सव्वाशें वर्षें चाललें. २०१६ सालीं पेनसिल्व्हेनियांतील अभ्यासकांनीं तळ्याचें, ओढ्याचें आणि पावसाचें गणित नव्यानें मांडलें, तेव्हां निष्कर्ष उलट निघाला : माथा उतरविला नसता आणि मूळची मोरी व सांडवे शाबूत असते तर तें पाणी निघून जाऊं शकलें असतें. ज्यांना तें ऐकून बरें वाटलें असतें अशांपैकीं तोंपर्यंत कोणी जिवंत राहिलें नव्हतें.

कायद्याच्या इतिहासांत मात्र याच प्रश्नावर एक विलक्षण जोडी आढळते, आणि तिच्यांतलें दुसरें नांव आपल्या देशांतलें आहे. इंग्लंडांत लँकशायरमधील रायलंड्स नांवाच्या गिरणीमालकानें पाण्याचा हौद बांधविला. तळाच्या जुन्या खाणींच्या वाटा कंत्राटदारांनीं नीट बुजविल्या नाहींत, आणि १८६० सालीं पाणी फुटून फ्लेचर याच्या खाणींत शिरलें. रायलंड्सला त्या वाटांची खबरहि नव्हती. तरीहि १८६८ सालीं लॉर्डांच्या सभेनें निर्णय दिला कीं जो आपल्या जमिनीवर, निसर्गतः तेथें नसलेली आणि सुटल्यास अपाय करणारी वस्तु आणून सांठवितो, त्यानें ती आपल्या जबाबदारीवर सांठवावी. चूक कोणाची हें विचारण्याचें कारण नाहीं. या तत्त्वाच्या आधारें पुढें एक दावा इकडे झाला. मद्रास इलाख्यांत कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टींत फुटले आणि आगगाडीचा रस्ता वाहून गेला. कंपनीनें रायलंड्सचा दाखला दिला. १८७४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो येथें लागू नाहीं असें ठरविलें. कारण असें दिलें कीं हे तलाव कोणा एकाच्या सोयीसाठीं नाहींत; ते पुरातन आहेत, त्यांवर हजारों लोकांची शेती अवलंबून आहे, आणि जमीनदाराला ते मोडण्याचा अधिकार नाहीं, उलट राखण्याचें कर्तव्य आहे. त्यानें निष्काळजीपणा केलेला नसेल तर तो दोषी नाहीं.

प्रथमदर्शनीं हे दोन निकाल परस्परविरुद्ध वाटतात. पण मला त्यांत एकच विचार दिसतो, आणि कांट व मिल यांच्या मापांत जें मला सांपडलें नव्हतें तें येथें सांपडतें. पाणी सांठविणें या कर्माची किंमत सांठविणाराच्या बुद्धीवरून किंवा परिणामावरूनच होते असें नाहीं. तें पाणी कोणाचें काम करितें यावरूनहि ती होते. शेतीच्या तलावाखालीं जो राहतो तोच त्या तलावावर जगतो. त्याला बांधावर चढण्याचा हक्क असतो, आणि चढावेंच लागतें. आपल्या खानदेशांत पांझरा व मोसम या नद्यांच्या कांठीं फडपद्धतीचे बंधारे आहेत. तेथें पाट कोणीं साफ करावयाचा, पाण्यावर पहारा कोणीं ठेवावयाचा, याची वांटणी पिढ्यान् पिढ्या ठरलेली असे. बंधारा बिघडला तर पहिली हांक ज्याच्या शेताला पाणी कमी पडेल तो मारी. उपभोग, राखण आणि धोका हीं तिन्ही एकाच माणसाच्या घरीं नांदत. करमणुकीच्या तळ्यानें हीं तीन माणसें वेगळीं केलीं. उपभोग वरच्याकडे गेला, धोका खालच्याकडे आला, आणि राखण मधल्यामध्यें कोणाचीच राहिली नाहीं. खालचा मनुष्य वर गेलाच तर तो चोरून मासे धरणारा परका ठरे. आणि जॉन्सटाउनमध्यें तो खरोखरच तसा ठरत असे, कारण क्लबाचे पहारेकरी होते ते यासाठींच होते.

कौटिल्यानें ही गोष्ट ओळखली होती असें वाटतें. पाणी अडविणारा बांध जो फोडील त्याला त्याच पाण्यांत बुडवावें असा त्याचा कठोर नियम प्रसिद्ध आहे; मला त्याहून दुसरा एक नियम अधिक विचारणीय वाटतो. आपत्तीचा काळ सोडून, पाणी अडविण्याचें काम जो पांच वर्षें वापरांतून पडूं देईल त्याची मालकी त्यावरून उठते, असें अर्थशास्त्र सांगतें. हें वाचून आजचा मालमत्तेचा अभिमानी दचकेल. पण येथें शिक्षेचा प्रश्नच नाहीं. मालकीची व्याख्याच ती आहे. जो राखीत नाहीं तो मालक नव्हेच.

माझ्या या मांडणीला एक आक्षेप घेतां येईल, आणि तो मीच घेतों, कारण तो खरा आहे. जॉन्सटाउनची कथा धनिक आणि कामकरी यांची असल्यामुळें ती फार सोपी होते. जॉर्जिया प्रांतांत टोकोआ फॉल्स येथें एका बायबल विद्यालयाच्या मालकीचें केली बार्न्स नांवाचें धरण होतें. पूर्वीं त्यावर वीज काढीत. १९५७ नंतर तें काम बंद झालें आणि तळें केवळ शोभेचें व करमणुकीचें राहिलें. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्रीं दीड वाजतां तें फुटलें आणि एकोणचाळीस माणसें मेलीं. तीं विद्यालयाच्याच आवारांतलीं होतीं : विद्यार्थी, त्यांच्या बायका, मुलें. येथें वरचा आणि खालचा असा भेद नव्हता. मालक आणि बळी एकच होते, भाविक होते, गरीबच होते. तेव्हां उपभोग आणि धोका एके ठिकाणीं नांदले म्हणजे राखण आपोआप होते असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. वीज काढीत होते तोंपर्यंत तेथें रोज कोणी तरी कामावर जात असेल. तळें शोभेचें झालें तसें जाणें थांबलें असेल. पाण्याचें काम बंद झालें, पाण्याचें वजन बंद झालें नाहीं. स्थिर पाण्यासारखी फसवी वस्तु दुसरी नाहीं; तें विश्रांति घेत आहे असें आपल्याला वाटतें, आणि तें अहोरात्र बांधाला रेटीत असतें.

आणि केवळ खासगी मालकीवर बोट ठेवण्याचाहि अधिकार आपल्याला नाहीं. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील लहानसें धरण फुटून वीसांच्या आसपास माणसें गेलीं. तें सरकारी होतें, पाण्याच्या गरजेसाठींच होतें, आणि गळतीबद्दल गांवकऱ्यांनीं आधीं तक्रारी केल्या होत्या. खालचा मनुष्य चढून वर गेला होता; त्याचें ऐकणारें वर कोणी नव्हतें. मॉरेलच्या पत्राला निदान उत्तर तरी आलें होतें.

अमेरिकेंत आज नोंदलेलीं धरणें नव्वद हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतील निम्म्याहून जास्त खासगी आहेत. तेथेंहि जॉन्सटाउननंतर लगेच कायदा झाला नाहीं. त्याच प्रांतांत ऑस्टिन येथें एका कागदाच्या गिरणीचें धरण १९११ सालीं फुटून अठ्ठ्याहत्तर माणसें मेलीं, तेव्हां १९१३ सालीं धरणांवर देखरेखीचा कायदा आला. देशभरच्या खासगी धरणांची तपासणी अध्यक्ष कार्टर यांच्या हुकुमानें सुरू झाली ती टोकोआनंतर. आपल्याकडेहि भोपाळच्या दुर्घटनेनंतर, डिसेंबर १९८६ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें धोक्याच्या कारखान्यांपुरता रायलंड्सच्या पुढचा नियम घालून दिला, त्यांत ईश्वरी कोपाची सबबहि ठेविली नाहीं. प्रत्येक कलमामागें कोणाचें तरी प्रेत असतें असें म्हटलें तर अतिशयोक्ति होईल, पण फारशी नव्हे.

कायदा असला म्हणजे प्रश्न सुटतो असेंहि नाहीं. मिशिगनमधील ईडनव्हिलचें धरण १९२४ सालीं विजेसाठीं बांधलेलें. पुढें त्याच्या विक्सम तळ्याकांठीं शेंकडों घरें झालीं आणि लोकांना वीज नको, तळें हवें असें झालें. सांडवा अपुरा म्हणून खासगी मालकाचा परवाना २०१८ सालीं केंद्रसरकारनें रद्द केला. त्यानंतर मालकानें परवानगीवांचून पातळी उतरवून तळ्यांतले शिंपले मारले असा दावा प्रांतसरकारनें एप्रिल २०२० मध्यें त्याच्यावर लाविला. पुढच्याच महिन्यांत, १९ मे रोजीं, धरण फुटलें. दहा हजार लोकांना वेळेवर हलविल्यामुळें कोणी मेलें नाहीं. मागाहून चौकशींत कळलें कीं ज्या सांडव्याची सर्वांना काळजी होती त्यामुळें तें फुटलें नव्हतें; बांधाच्या एका भागांतली सैल वाळू पाण्यानें भिजून एकाएकीं द्रवासारखी वाहिली होती. मालक वाईट होता असें म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचें म्हणणें बव्हंशीं खरें असेल. पण तळें भरलेलें हवें, आणि धरण दुरुस्त करण्याचा खर्च मात्र दुसऱ्या कोणी करावा, असें वाटणारे कांठचे लोक वाईट नव्हते; ते आपल्यासारखेच होते.

साउथ फोर्कचें धरण पुन्हां कोणीं बांधलें नाहीं. त्याचीं दोन टोंकें दरीच्या दोन अंगांना अजून उभीं आहेत, गवतानें आणि झाडांनीं झांकलेलीं. १९६४ पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेली आहे. क्लबाची इमारत आणि कांहीं बंगलेहि शाबूत आहेत. पण त्यांच्या पुढें आतां तळें नाहीं. जेथें होड्या चालत होत्या त्या तळभूमींतून आगगाडीचा रूळ गेला आहे, आणि दोन टोंकांमधल्या खिंडारांतून साउथ फोर्कचा ओढा जातो. एरवीं तो इतका लहान असतो कीं त्यानें एवढें तळें भरलें होतें हें पाहणाराला सांगावें लागतें.